प्रश्न तुमच्या स्लाइड ट्रेमध्येच असतो : पॅथॉलॉजीतल्या रिसर्चबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पॅथॉलॉजीवर, म्हणजे टिश्यू मायक्रोस्कोपखाली बघून रोग ओळखण्याच्या ब्रँचवर, थोडंसं लिहिलं होतं त्यावर बरेच मेल आले, बहुतेक रेसिडेंट्सचे, काही नुकतंच शिकवायला लागलेल्यांचे, आणि एक एका आईचा. सगळ्यांना विचारायचंय ते साधारण एकच, या ब्रँचमध्ये राहून रिसर्च करता येतो का आणि करायचा तर सुरुवात कुठून. प्रश्न जागेसाठी थोडे छोटे केलेत.

मॅडम, मी रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रिसर्च करायचाय पण विषयच सुचत नाही. सिनियर्स म्हणतात एक मार्कर (म्हणजे टिश्यूत रंगवून शोधायचं एखादं प्रोटीन) घे, एक कॅन्सर घे, पन्नास केसेस कर आणि मोकळा हो. असंच असतं का?

बऱ्याच ठिकाणी असंच चालतं हे खरंय, पण तुम्ही तसं करू नका. मार्कर आधी आणि प्रश्न नंतर असं झालं की थीसिस पूर्ण होतो, पेपरही कुठेतरी येतो, पण दोन वर्षं घालवून हाताला काय लागलं हे तुम्हाला स्वतःलाच सांगता येत नाही. उलटं करा. रोजच्या रिपोर्टिंगमध्ये तुम्ही कुठे अडखळता ते बघा. ज्या केसवर दोन सिनियर्सचं जमत नाही, ज्या ठिकाणी टेक्स्टबुकमध्ये एक लिहिलंय आणि स्लाइडवर दुसरंच दिसतंय, जिथे आपण रिपोर्टमध्ये मोघम शब्द वापरतो कारण नेमकं कुणालाच माहीत नाही, त्या केसेस एका वहीत लिहून ठेवायला लागा, केस नंबर, काय खटकलं, बास, दोन ओळी. थोड्याच दिवसात तुमच्या लक्षात येईल की तेच तेच खटकतंय.

रॉबिन वॉरेन यांनी हेच केलं. ते पर्थमधले पॅथॉलॉजिस्ट, १९७९ साली जठराच्या एका बायोप्सीत त्यांना पृष्ठभागावर बारीक निळसर रेघ दिसली, मोठं करून बघितलं तर बॅक्टेरिया. त्या काळी जठरातल्या ॲसिडमध्ये जंतू टिकत नाहीत असंच सगळे धरून चालले होते, त्यामुळे सहकाऱ्यांना पटेना. त्यांनी सिल्व्हर स्टेन, म्हणजे चांदी वापरून केलेला रंग, करून घेतला, जंतू लख्ख दिसले, आणि मग दुसऱ्या बायोप्सीत, तिसऱ्या बायोप्सीत ते शोधतच राहिले. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण फिजिशियन त्यांच्याबरोबर आला, पुढच्या वर्षी जंतू कल्चरमध्ये वाढला, आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. या सगळ्याची सुरुवात एका रूटीन बायोप्सीपासून झाली, आणि तशा बायोप्सीज जगभरातले पॅथॉलॉजिस्ट वर्षानुवर्षं बघत होते.

तो स्टेन होता वॉर्थिन-स्टॅरी, आणि यातल्या वॉर्थिन यांचीही गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. ऑल्ड्रेड वॉर्थिन हे मिशिगनमधले पॅथॉलॉजिस्ट. १८९५ साली त्यांच्याकडे कपडे शिवणारी बाई त्यांना म्हणाली की आमच्या घरात सगळे कॅन्सरनेच जातात, मीही तशीच जाणार. त्यांनी ते सोडून दिलं नाही, तिच्या कुटुंबाची माहिती गोळा करत गेले आणि १९१३ साली ती छापली. ती बाई पुढे खरंच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. त्या कुटुंबातला जीनमधला दोष कळायला मात्र जवळजवळ शंभर वर्षं लागली, एमएसएच२ या डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जीनमध्ये निघाला तो. आज मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर तुम्ही एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ हे चार स्टेन लावता ना, त्याचं मूळ त्या बाईच्या एका वाक्यात आहे.

आता प्रश्न सापडला तरी तो लगेच अभ्यास होत नाही, त्याला कापून कापून छोटा करावा लागतो. समजा तुम्हाला खटकतंय की आतड्याच्या कॅन्सरमध्ये ट्यूमर बडिंग, म्हणजे ट्यूमरच्या काठाशी सुटलेले पेशींचे छोटे पुंजके, मोजताना तुमचा आणि सरांचा आकडा जुळत नाही. 'बडिंगचा अभ्यास' हा विषय नाही झाला. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीप्रमाणे ०.७८५ चौरस मिलिमीटरच्या एका हॉटस्पॉटमध्ये, म्हणजे बड्स सगळ्यात दाट दिसतात त्या जागी, ते मोजायचे, ० ते ४ म्हणजे कमी, ५ ते ९ मध्यम, १० किंवा जास्त म्हणजे हाय. मग बघा, आकडा नेमका कुठे फिसकटतो? हॉटस्पॉट वेगळा निवडला जातो म्हणून, की जिथे सूज खूप आहे तिथे तुटलेली ग्रंथी आणि खरा बड यात गल्लत होते म्हणून? सूज असलेल्या केसेसमध्ये ट्यूमर पेशी उठून दाखवणाऱ्या केराटिन स्टेनवर मोजलं तर किती जणांची कॅटेगरी बदलते, आणि ज्यांची बदलते त्यांचं पुढे काय झालं, हा झाला प्रश्न. याचं उत्तर हो आलं तरी कामाचं आणि नाही आलं तरी कामाचं, आणि मला वाटतं चांगल्या प्रश्नाची खूण हीच आहे. आधी कुणी केलंय का ते अर्थातच शोधा, आणि केलेलं असलं तर लगेच खट्टू होऊ नका, त्यांनी काय सोडलंय ते वाचा.

पीएचडी केल्याशिवाय रिसर्च करिअर होतं का? माझं वय वाढत चाललंय.

होतं, पण कुठल्या रिसर्चबद्दल बोलतोय त्यावर आहे. पेशीच्या आत नेमकं काय घडतं, एखादा जीन बंद केला तर ट्यूमर का थांबतो, असल्या प्रश्नांसाठी स्वतःची लॅब चालवायची असेल तर पीएचडी किंवा त्याच तोडीची पूर्णवेळ काही वर्षं लागतातच, संध्याकाळी उरलेल्या वेळात ते होत नाही. टिश्यूवर आधारित काम, म्हणजे वर्गीकरण, ग्रेडिंग, प्रोग्नोसिस, डायग्नोस्टिक टेस्ट्स, यासाठी पीएचडी लागतेच असं नाही. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ग्रेडिंग मांडलं ते साध्या एच अँड ई, म्हणजे रोजच्या गुलाबी-निळ्या रंगाच्या, स्लाइड्सवर, ट्यूमरची रचना कशी दिसते एवढंच बघून, आणि ते पेशंट्सचं पुढे काय झालं याच्याशी ताडून. आज त्याच्यात सुधारणा झाल्यात पण पाया तोच आहे.

मात्र पीएचडी नाही म्हणून स्टॅटिस्टिक्स नाही, प्रोटोकॉल लिहिणं नाही, असं चालणार नाही. ते कुठेतरी नीट बसून शिकावंच लागतं, रिसर्च फेलोशिप घ्या, एपिडेमिऑलॉजी किंवा बायोस्टॅटिस्टिक्सचा मास्टर्स घ्या, पण घ्या. पीएचडी रेसिडेन्सीआधी करावी की नंतर, यात माझं मत नंतरकडे झुकतं, कारण डायग्नोसिस हाताखालून गेलेलं असलं की प्रश्न नेमके पडतात. आधी केलेली चांगली माणसं मला माहीत आहेत, त्यांना रेसिडेन्सीत लॅबपासून तुटायला होतं एवढंच.

वयाचं म्हणाल तर पेटन राउस यांनी कोंबड्यांच्या सार्कोमामागे व्हायरस आहे हे १९११ साली दाखवलं आणि त्यांना नोबेल मिळालं १९६६ साली. इतकं थांबायला कुणी तुम्हाला सांगत नाहीये, पण हे क्षेत्र लांब पल्ल्याचं आहे आणि दोन-चार वर्षं इकडे तिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

वयापेक्षा गाइड कोण आहे याची काळजी जास्त करा. त्यांचे पेपर किती आहेत ते तर सगळे बघतातच, तुम्ही त्यांचे आधीचे विद्यार्थी शोधा, ते आता कुठे आहेत, त्यांच्या पहिल्या पेपरवर पहिलं नाव कुणाचं होतं, आणि गाइड त्यांच्याबरोबर मल्टिहेड मायक्रोस्कोपवर बसायचे का, हे सरळ फोन करून विचारा. लोक खरं सांगतात.

माझी मुलगी डॉक्टर झाली आणि आता पॅथॉलॉजी घेऊन रिसर्च करणार म्हणते. पेशंट न बघणारी डॉक्टर कशी? आम्हाला काळजी वाटते.

ताई, तुमची काळजी कळते. पण कॅन्सर आहे की नाही, असेल तर कुठल्या प्रकारचा, किती पसरलाय, ऑपरेशननंतर काठाशी काही शिल्लक राहिलंय का, हे सगळं तिच्याच सहीने ठरणार आहे आणि पुढची औषधं त्यावरच सुरू होणार आहेत. ती पेशंटला फार भेटणार नाही, पण तिच्याशिवाय त्याच्यावर उपचार ठरणार नाहीत. रिसर्च केला तर आज जे नीट ओळखता येत नाही ते ओळखता यावं म्हणून ती झटणार. तिला घरातून पाठिंबा द्या, या वाटेवर सुरुवातीला पगार आणि नाव दोन्ही हळूहळू येतं आणि त्या काळात घरचे पाठीशी असले की फार फरक पडतो.

जुने ब्लॉक्स (मेणात जपलेले टिश्यूचे तुकडे) काढून आयएचसी (अँटीबॉडी वापरून मार्कर रंगवणं) केलं, काही केसेस छान आल्या, काही फिक्या. पेपर पाठवला तर रिव्ह्यूअरने 'प्री-ॲनालिटिकल व्हेरिएबल्स' लिहून परत केला. म्हणजे नक्की काय करायला हवं होतं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून सविस्तर लिहिते. रिव्ह्यूअर म्हणतोय की तुम्ही जो फरक ट्यूमरमधला समजताय तो कदाचित ट्यूमरमधला नाहीच, टिश्यू शरीरातून निघाल्यापासून तुमच्या मायक्रोस्कोपखाली येईपर्यंतच्या प्रवासातला आहे. सर्जनने रक्तपुरवठा बांधला त्या क्षणापासून प्रोटीन्स बिघडायला लागतात. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये हर२ आणि इआर-पीआर या मार्कर्ससाठी नियम याचसाठी केलेत की तासाभरात नमुना फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे आणि १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये तो किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे. फॉर्मलिन आत शिरतं ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर. आता विचार करा, संध्याकाळी उशिरा आलेलं मोठं मास्टेक्टॉमीचं (काढलेल्या स्तनाचं) स्पेसिमेन न कापता बादलीत तसंच ठेवलं आणि ग्रॉसिंग, म्हणजे कापून तुकडे निवडणं, दुसऱ्या दिवशी झालं, तर मधला भाग रात्रभर फिक्सच झालेला नाही. तो ब्लॉक फिका आला तर मार्कर निगेटिव्ह म्हणायचं का?

जुन्या केसेसमध्ये ही वेळ सहसा कुठे लिहिलेली नसते, ते तुमच्या हातात नाही. पण हातात काय आहे ते बघू. त्याच स्लाइडवरच्या नॉर्मल टिश्यूकडे बघा, ज्या पेशी पॉझिटिव्ह यायलाच हव्यात त्या आल्यात का? नसतील आल्या तर ती केस 'निगेटिव्ह' नाही, 'असेस करता येत नाही', ती बाजूला काढा आणि किती काढल्या ते पेपरमध्ये लिहा. सेक्शन्स, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप, ताजी कापा, मागच्या वर्षी कापून बॉक्समध्ये ठेवलेली वापरू नका, कापलेल्या सेक्शनवरचं अँटीजन काही मार्कर्समध्ये झपाट्याने कमी होतं, ब्लॉकमध्ये ते बरंच टिकतं. आणि बॅचेस मिसळा. सगळ्या लो ग्रेड केसेस सोमवारी आणि सगळ्या हाय ग्रेड गुरुवारी स्टेन केल्या तर तुम्ही सोमवार आणि गुरुवारची तुलना केली असं होतं. केसेस जास्त असतील तर टिश्यू मायक्रोॲरे करता येतो, १९९८ पासून ही पद्धत आहे, प्रत्येक ब्लॉकमधून ०.६ मिलिमीटरचा बारीक कोअर काढून शेकडो केसेस एकाच ब्लॉकमध्ये बसवतात म्हणजे स्टेन सगळ्यांवर एकाच वेळी एकसारखा. फक्त ट्यूमर एकसारखा नसतो म्हणून एका केसचे दोन-तीन तरी कोअर घ्या.

स्कोअरिंग दोघांनी करा, वेगवेगळं बसून, पेशंटचं पुढे काय झालं ते माहीत नसताना. आणि 'आमचं ८२ टक्के जुळलं' एवढं लिहू नका. समजा दोघेही १०० पैकी ९० केसेस निगेटिव्ह म्हणताय, तर स्लाइड न बघता नुसत्या अंदाजाने म्हटलं तरी ८२ टक्के जुळणारच, ०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१ करून बघा. म्हणून कप्पा (kappa) नावाचा आकडा काढायचा, त्यात योगायोगाने जुळलेलं वजा होतं. कटऑफ आधी ठरवा, नंतर पी व्हॅल्यू छान येईपर्यंत १०, २०, ३० टक्के असं सरकवत बसू नका, हे फार जण करतात आणि त्यामुळेच असंख्य मार्कर्स एका पेपरपुरते जगतात. रिमार्क नावाच्या गाइडलाइन्स २००५ पासून आहेत, ट्यूमर मार्करच्या अभ्यासात काय काय सांगायलाच हवं त्याची यादी आहे ती, डायग्नोस्टिक टेस्ट असेल तर स्टार्ड ही तशीच यादी बघा. या पेपर लिहिताना उघडायच्या गोष्टी नाहीत, प्रोटोकॉल लिहिताना समोर ठेवा.

तुमचा पेपर फुकट गेलेला नाही. इंटर्नल कंट्रोल, म्हणजे स्लाइडवरचा तो नॉर्मल टिश्यू, परत तपासा, शंका आहे त्या केसेसची सेक्शन्स नव्याने कापा, मर्यादा स्पष्ट लिहा आणि परत पाठवा.

एआयमुळे पॅथॉलॉजिस्टची गरजच राहणार नाही म्हणतात. मग रिसर्च एआयमध्येच करावा का? कोडिंग येत नाही.

गरज राहणार नाही असं मला वाटत नाही. २०१६ ची कॅमेलिऑन स्पर्धा घ्या, ब्रेस्ट कॅन्सरच्या सेंटिनेल नोडमधले, म्हणजे कॅन्सर सगळ्यात आधी पोचतो त्या लसिका ग्रंथीतले, मेटास्टॅसिस (पसरलेला कॅन्सर) शोधायचे होते, त्याचे निकाल २०१७ मध्ये आले तेव्हा सगळ्यात चांगल्या अल्गोरिदमने वेळेचं बंधन असलेल्या ११ पॅथॉलॉजिस्ट्सपेक्षा सरस काम केलं, आणि बंधन न ठेवता निवांत बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या बरोबरीचं. मोठी गोष्ट आहे ती. पण एक नेमकं काम होतं, आणि ट्यूमर कुठे आहे हे स्लाइडवर आखून दिलं ते माणसांनीच.

यात पॅथॉलॉजिस्टची जागा कुठे ते सांगते. एका पेशंटच्या स्लाइडचे हजारो छोटे तुकडे करून मॉडेलला देतात, आणि तुकडे सरमिसळ करून काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवले तर एकाच पेशंटचे तुकडे दोन्हीकडे जातात, मॉडेल रोग न शिकता पेशंट ओळखायला शिकतं आणि अचूकता डोळे दिपवणारी येते. वाटणी पेशंटप्रमाणे झाली पाहिजे, खरं तर हॉस्पिटलप्रमाणे. टीसीजीए हा २००६ साली सुरू झालेला ३३ प्रकारच्या कॅन्सरचा प्रकल्प आहे, त्याच्या स्लाइड्स खुल्या आहेत म्हणून सगळे त्यावरच काम करतात, आणि २०२१ मध्ये दाखवलं गेलं की मॉडेलला त्या स्लाइड्सवरून नमुना कुठल्या केंद्रातून आलाय तेही ओळखता येतं, स्टेनिंग आणि स्कॅनिंगच्या फरकावरून. गुलाबी रंग कुठे जास्त उतरतो हे इंजिनिअरला सहसा माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं.

कोडिंग थोडं शिका, पायथन वाचता आलं आणि छोटं काही लिहिता आलं तरी बोलणी बरोबरीने होतात. सुरुवात क्यूपाथ या सॉफ्टवेअरवर करा, फुकट आहे, स्वतःच्या स्लाइडवर पेशी मोजा आणि मशीन कुठे चुकतंय ते बघा.

क्लिनिशियन आम्हाला फक्त ब्लॉक काढून देणारे समजतात. पेपरमध्ये नाव येतं मधे कुठेतरी किंवा नुसते आभार.

याला दोन बाजू आहेत. एक म्हणजे बोलणी आधी करा. कोण काय करणार, पहिलं नाव कुणाचं, शेवटचं कुणाचं, हे ब्लॉक कपाटातून बाहेर काढायच्या आधी मेलवर लिहून घ्या. मेडिकल जर्नल्स लेखक कुणाला म्हणायचं त्यासाठी आयसीएमजेई या संपादकांच्या समितीच्या चार अटी मानतात, त्यात अभ्यासाच्या आखणीत किंवा डेटात खरा वाटा, मसुदा लिहिणं किंवा नीट तपासणं, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी हे सगळं येतं. नुसते ब्लॉक दिले तर लेखक होत नाही, हे आपल्यालाही लागू आहे बरं का. स्लाइड्स रिव्ह्यू केल्या, निष्कर्ष काढले, लिहिलं, तर हक्काने नाव मागा.

दुसरी बाजू म्हणजे आपण त्यांच्याकडे जाणं. १९६१ साली लंडनमध्ये डेनिस बर्किट या सर्जनचं आफ्रिकेतल्या मुलांच्या ट्यूमरवर भाषण होतं, ते ऐकायला अँथनी एपस्टाइन हे पॅथॉलॉजिस्ट गेले. ते आधीपासून कोंबड्यांच्या त्या राउस व्हायरसवर काम करत होते म्हणून ऐकता ऐकताच त्यांना वाटलं यामागे व्हायरस असेल. मग युगांडातून विमानाने बायोप्सीज यायला लागल्या आणि बराच काळ हाताला काहीच लागलं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळलं, नमुना उशिरा पोचला, द्रव गढूळ झालेला, इन्फेक्शन झालंय असंच वाटेल. टाकून न देता त्यांनी थेंबभर मायक्रोस्कोपखाली बघितलं तर सुट्या जिवंत ट्यूमर पेशी तरंगत होत्या. त्या कल्चरमध्ये वाढल्या आणि त्यात १९६४ साली एपस्टाइन-बार व्हायरस सापडला. तर ट्यूमर बोर्डला (कॅन्सरच्या केसेसवर सगळे डॉक्टर मिळून चर्चा करतात त्या बैठकीला), सर्जरीच्या मीटिंगला जात जा, आणि आपली स्लाइड दाखवून झाली की लगेच उठून येऊ नका.

मला शिकवण्याची आणि रिपोर्टिंगची नोकरी मिळतेय. 'रिसर्चला वेळ देऊ' असं तोंडी सांगितलंय. ते पुरेसं आहे का?

नाही. तोंडी वेळ पहिल्या सुट्टीवर गेलेल्या सहकाऱ्याबरोबर जातो. आठवड्याचे कुठले दिवस, त्या दिवशी फ्रोझन (ऑपरेशन चालू असतानाच गोठवून बघायचे नमुने) कोण बघणार, तुमचा ट्रे कुणाकडे जाणार, हे विचारा आणि ऑफर लेटरमध्ये यावं म्हणून आग्रह धरा. रोज एक तास मिळण्यापेक्षा आठवड्यात सलग दीड दिवस मिळाला तर तो घ्या, तासाभरात माणूस कालची फाइल उघडून कुठे होतो ते आठवतो इतकंच. तिथे आधीपासून रिसर्च करणारा कुणी आहे का, त्याला खरंच किती वेळ मिळतो हे त्यालाच गाठून विचारा. पहिल्या वर्षी मोठ्या ग्रँटमागे लागू नका, संस्थेची छोटी ग्रँट घ्या, एथिक्स कमिटीची मंजुरी लवकर टाका कारण तिला वेळ लागतो आणि जुन्या ब्लॉक्सवरचा अभ्यास असला तरी ती लागतेच, पेशंटची संमती माफ करायची की नाही तेही कमिटीच ठरवते, आपण नाही.

आणि एक गोष्ट मागायला सगळे विसरतात, हिस्टोटेक्निशियनचा वेळ. चार मायक्रॉनची सुरकुती नसलेली सेक्शन्स एकामागून एक कापणं हे कौशल्य आहे आणि रूटीनच्या ढिगाऱ्यात तुमचं काम कायम शेवटी पडणार. आठवड्यातले किती तास तुमच्या प्रोजेक्टला ते लेखी घ्या, टेक्निशियनला अभ्यास कशाबद्दल आहे ते बसून समजावून सांगा, पहिले निकाल आले की त्यांनाही दाखवा, आणि ग्रँटचं बजेट करताना त्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे त्यात धरा.